डब्ल्यूबीएममधला ‘एम’

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. आमचं गाव बीड जिल्ह्यात, फाट्यापासून चार किलोमीटर आत. जेसीबीने एका कडेने जुना रस्ता उभा कापला होता आणि कापलेल्या जागी त्याचे थर स्पष्ट दिसत होते. वर वीतभर डांबर, तेही एकाच वेळचं नाही, दर निवडणुकीच्या आधी एक असे चढवलेले पातळ थर. त्याखाली काळपट खडी. खडीखाली लालसर मुरूम. आणि सगळ्यात खाली आमच्या शिवाराची काळी माती.

मोठी आत्या बरोबर होती. गाडी थांबवली तशी तीही काठी टेकत खाली उतरली. खडीच्या थराकडे जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “ही आमची हाय. बहात्तरची.”

शेजारी कामाचा फलक होता. कामाचं नाव, अंदाजित रक्कम, ठेकेदाराचं नाव, दोषदायित्व कालावधी वगैरे. आमच्याकडे अशा कामांना लोक सरसकट ‘डब्ल्यूबीएम’ म्हणतात. “औंदा वस्तीपर्यंत डब्ल्यूबीएम झालं” हे वाक्य ज्याला इंग्रजीचं अक्षर ओळखता येत नाही तोही सहज बोलतो. मीही लहानपणापासून ऐकत आलोय. पण यातला ‘एम’ म्हणजे काय, हे मी कधी विचारलं नव्हतं. डब्ल्यू म्हणजे वॉटर, बी म्हणजे बाउंड, आणि एम म्हणजे... मॅकॅडम. म्हणजे एक माणूस! स्कॉटलंडचा एक गृहस्थ, ज्याचं आडनाव मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत रोज घेतलं जातं आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी या गृहस्थाच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आलं ते इथे लिहून ठेवतो आहे.

जॉन लाउडन मॅकॅडम १७५६ साली स्कॉटलंडमधल्या एअर गावी जन्मला. चौदाव्या वर्षी वडील वारले, म्हणून न्यूयॉर्कला काकाकडे गेला, तिथे व्यापारात पैसे मिळवले आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध संपताना, १७८३ साली परत आला. तो इंजिनिअर नव्हता. गावाकडच्या रस्त्यांच्या विश्वस्त मंडळात त्याची वर्णी लागली आणि त्या काळच्या रस्त्यांची दशा बघून त्याला या विषयाचं वेडच लागलं. पुढची कित्येक वर्षं तो स्वतःच्या खर्चाने ब्रिटनभर रस्ते बघत हिंडला. आपण सुमारे ३०,००० मैल फिरलो असं त्याने नंतर संसदेच्या समितीपुढे सांगितलं. १८१६ साली ब्रिस्टलच्या रस्त्यांचा कारभार त्याच्याकडे आला तेव्हा तो साठीला टेकला होता. म्हणजे ज्या वयात आपल्याकडे माणूस पेन्शनची कागदपत्रं गोळा करतो, त्या वयात याचं खरं काम सुरू झालं.

त्याच्या आधी रस्ते नव्हते असं नाही. रोमन लोकांनी इसवी सनापूर्वी ३१२ मध्ये ॲपियन मार्ग बांधायला घेतला, तो काही ठिकाणी अजून दिसतो. आपला नाणेघाट सातवाहनांच्या काळातला आहे, पायथ्यापासून वर चढणारी ती दगडी वाट आजही पायाखाली येते. पण रोमन पद्धत म्हणजे जमिनीवर दगडांची भिंतच आडवी घालायची. अतिशय मजबूत आणि अतिशय महाग. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये त्रेझागे नावाच्या इंजिनिअरने त्यात सुटसुटीतपणा आणला: खाली मोठे दगड उभे रोवायचे, वर बारीक होत जाणारे थर. मॅकॅडमचाच समकालीन टेलफर्ड, तोही स्कॉटिश, मूळचा पाथरवट, त्याने हीच पद्धत आणखी काटेकोर केली. आपल्याकडे ज्याला ‘सोलिंग’ म्हणतात, खाली हाताने रचलेले मोठे दगड आणि वर खडी, ते साधारण या घराण्यातलं.

मॅकॅडमने या सगळ्यांच्या उलट बोलायला सुरुवात केली. त्याचं म्हणणं असं होतं की गाडीचं वजन शेवटी दगड पेलत नाही, खालची जमीन पेलते. आणि जमीन कोरडी असेल तर ती कितीही वजन पेलेल. मग दगडाचं काम काय? जमिनीवर पाणी उतरू न देणं. थोडक्यात, रस्ता म्हणजे जमिनीवर घातलेलं छप्पर.

मला हे वाचून पहिल्यांदा थांबावंसं वाटलं. रस्ता म्हणजे पाया, असं आपण समजतो. हा माणूस म्हणतो छप्पर. आणि एकदा छप्पर म्हटलं की बाकी सगळं आपोआप जागेवर बसतं. छपराला उतार हवा, म्हणून रस्ता मध्ये किंचित उंच. तीस फूट रुंदीच्या रस्त्याला मध्यभागी तीन इंच चढ पुरे, असं तो सांगे. छपराचं पाणी वाहून जायला पन्हळ लागते, म्हणून दोन्ही बाजूंना चर, आणि रस्ता आजूबाजूच्या पाण्याच्या पातळीच्या वर. छप्पर फार जड असून चालत नाही, म्हणून मोठ्या दगडांचा पाया नको. सगळी मिळून दहाएक इंच फोडलेली खडी पुरे.

पण ही खडी कशीही चालत नाही. नदीतले गोल गोटे तर अजिबात नाहीत, ते चाकाखाली एकमेकांवरून घरंगळतात. दगड फोडलेला हवा, कोनाकोनांचा हवा, आणि स्वच्छ हवा. त्यात माती मिसळायची नाही, कारण माती पाणी धरते. असे कोनदार तुकडे वरून जाणाऱ्या चाकांनी दाबले की एकमेकांच्या बेचक्यांत घुसतात आणि अडकून बसतात. कोणी सिमेंट घातलेलं नसतं, डांबर घातलेलं नसतं, तरी थर एकजीव होतो. यासाठी तुकडा लहान पाहिजे. चाकाच्या लोखंडी धावेपेक्षा दगड मोठा असेल तर चाक त्याच्या एका टोकावर चढतं, दुसरं टोक उचललं जातं आणि दगड सुटतो. म्हणून मॅकॅडमने नियम घातला की सहा औंसांपेक्षा, म्हणजे आपल्या १७० ग्रॅमपेक्षा जड तुकडा रस्त्यावर पडता कामा नये. त्याचे देखरेख करणारे लोक खिशात छोटा तराजू बाळगत. मजुराकडे तराजू कुठला? त्याने तुकडा तोंडात घालून बघायचा. मावला तर बरोबर, नाही तर अजून एक घाव. यावर एक किस्साही सांगतात: एका म्हाताऱ्या मजुराची खडी सारखी मोठी भरायची, शेवटी कळलं की त्याच्या तोंडात दातच नव्हते. किस्सा खरा असो की नसो, नियम मात्र खरा होता.

मी हे आत्याला फोनवर सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, “आमचा मुकादम लिंबू म्हनायचा. लिंबाएवढी खडी पायजे.”

दुसरी गोष्ट म्हणजे खडी फोडायची पद्धत. पूर्वी मजूर उभं राहून मोठ्या घणाने दगड फोडत. मॅकॅडमने सांगितलं, बसून फोडा, लहान हातोडीने. त्याने तुकडे सारखे पडतात आणि काम स्वस्त होतं. त्यातून आणखी एक गोष्ट साधली. बसून करायच्या कामाला धट्टाकट्टा गडी लागत नाही. बायका, मुलं, घण उचलण्याचं बळ गेलेले म्हातारे, सगळे हे काम करू शकतात. मॅकॅडमला यात गरिबांचं भलं दिसत होतं, आणि तो ते प्रामाणिकपणे म्हणत असावा असं त्याच्या बाकीच्या आयुष्यावरून वाटतं. रस्त्यांच्या नादात त्याने घरचा पैसा घातला, आणि पुढे सर किताब देऊ केला गेला तर तोही नाकारला. १८३६ साली तो वारला.

पण एखादं काम कोणीही बसून करू शकतो असं ठरलं की ते कोणालाही बसवून करायला लावता येतं. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात निराधारांसाठी जी सरकारी आश्रयगृहं होती, तिथे रात्रीच्या निवाऱ्याच्या बदल्यात सकाळी खडी फोडून द्यावी लागे. काही ठिकाणी खोलीच्या भिंतीत लोखंडी जाळी बसवलेली असे. दगड त्या जाळीतून पलीकडे पडेल इतका बारीक झाला तरच काम झालं असं धरायचं. सहा औंसांचा तराजू रस्त्यासाठी होता. ही जाळी माणसासाठी होती.

आणि याच सुमारास एक विलक्षण गोष्ट घडली. अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनजवळ एका रस्त्याचं खडीकरण करायचं होतं. त्याच्या समितीवर एली व्हिटनी ब्लेक नावाचा माणूस होता. हाताने खडी फोडण्यात किती वेळ जातो हे बघून त्याने काही वर्षं खटपट केली आणि १८५८ साली दगड चावून खडी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. दोन पोलादी जबडे, एक स्थिर, एक हलता. आज आपल्याकडे डोंगराच्या कडेला धूळ उडवणारे जे क्रशर दिसतात, त्यांतल्या जबड्याच्या क्रशरचा हा आजा. १८५८ हे साल लक्षात ठेवा.

आपल्याकडे मॅकॅडमची पद्धत त्याच्या हयातीतच पोचली होती. मुंबई-पुणे मार्गावरचा बोरघाट १८३० साली, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, गाड्यांसाठी खुला झाला. उत्तरेत ग्रँड ट्रंक रोडवर १८३९ पासून कंकर घालून पक्की सडक करायला घेतली. दख्खनला तर यासाठी निसर्गाचंच देणं आहे. आपला काळा बेसॉल्ट फोडला की छान कोनदार तुटतो, लवकर झिजत नाही आणि पुढे डांबरालाही चांगला धरून राहतो. अडचण आहे ती खालच्या काळ्या मातीची. पाणी प्याली की ती फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर थेट खडी टाकली तर पहिल्या पावसातच ती खडी गिळते. म्हणून मध्ये मुरमाचा थर. मॅकॅडमचं ‘जमीन कोरडी ठेवा’ हे वाक्य मराठवाड्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

मग १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. मुंबई इलाख्यात सरकारने दुष्काळी कामं काढली. दगड फोडणं, माती वाहणं, हीच कामं. १८७७ च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेम्पल यांच्या सल्ल्यावरून मजुरी उतरवली गेली: गड्याला दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्धा किलोही नाही, इतकं धान्य आणि वर किरकोळ पैसे. हजारो लोक काम सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशींच्या काळातल्या सभेने, मजुरांची बाजू घेऊन सरकारशी लिखापढी केली. पुढे १८८० च्या दशकात दुष्काळ संहिता झाल्या. त्यांत एक शब्द आला, कसोटीची कामं. एखाद्या भागात खरोखर दुष्काळ आहे का, हे कसं ठरवायचं? कमी मजुरीचं कष्टाचं काम काढायचं. लोक आले तर दुष्काळ खरा. म्हणजे दगडाचं माप घेता घेता भुकेचंही माप घेतलं जाऊ लागलं. ब्लेकच्या यंत्राला तेव्हा वीस-पंचवीस वर्षं होऊन गेली होती.

बहात्तर साली आत्या सतरा वर्षांची होती. त्या दुष्काळाच्या टिपेला, १९७३ च्या मे महिन्यात, महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. आमच्या गावची खडी फाट्याजवळच्या टेकाडावर फुटायची. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या. दगड हलू नये म्हणून सायकलच्या टायरचा तुकडा कडं करून त्याभोवती धरायचा आणि वरून हातोडी मारायची. कपची उडून डोळ्यात जायची. संध्याकाळी ढीग चौकोनी रचून माप द्यायचं. ब्रासवर पैसे. (ब्रास म्हणजे शंभर घनफूट. वाळू-खडीच्या धंद्यात तो अजून चालतो.) ढीग रचताना मध्ये पोकळी ठेवायची युक्ती काही जण करत, आणि मुकादम काठी खुपसून बघत असे. खायला मिलो, ती अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, आणि पोरांना सुकडी. या सगळ्यात आत्याच्या डाव्या हाताची करंगळी मोडली ती वाकडीच राहिली. क्रशरचं पेटंट निघून एकशे चौदा वर्षं झाली होती.

मी तिला विचारलं, “आत्या, यंत्र होतं तेव्हा. यंत्राने दोन दिवसांत झालं असतं तुमचं सगळं काम. मग तुमच्याकडून का फोडून घेतलं?”

ती म्हणाली, “यंत्रानं केलं असतं तर आमी काय खाल्लं असतं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. त्या काळात यावर टीका झाली होती की नुसती खडी फोडून घेण्यात काय अर्थ, ढीग रस्त्याकडेला पडून राहताहेत, त्यापेक्षा बंधारे आणि तळी करा. टीका रास्त होती. पुढे वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आलेली रोजगार हमी योजना, जिचा कायदा १९७७ साली झाला, ती याच अनुभवातून शिकून उभी राहिली. मागितलं तर काम हा हक्क, आणि काम उपयोगाचं असावं. कसोटीच्या कामापासून हक्काच्या कामापर्यंत यायला आपल्याला शंभर वर्षं लागली. पण बहात्तरच्या दुष्काळात माणसं मोठ्या संख्येने उपासमारीने मेली नाहीत, हेही खरं आहे. आत्या त्यांतलीच एक.

तिची खडीही सातआठ वर्षं पडून होती. आम्ही पोरं त्या ढिगांवरून घसरगुंडी खेळायचो, एवढं मला अंधुक आठवतं. आत्याचं लग्न होऊन ती सासरी गेली. माहेरी यायचं तर फाट्यावर एसटीतून उतरून चार किलोमीटर चालत. मग एका उन्हाळ्यात कधी तरी खडीकरण मंजूर झालं. मुरूम अंथरला, ढीग पसरले, रोलर आला. कडेकडून मध्याकडे दाबत न्यायचं, मग कच टाकायची, पाणी मारायचं, झाडूने ती कच फटींमध्ये लोटायची आणि पुन्हा रोलर. ‘वॉटर बाउंड’ ते हेच. मॅकॅडमने स्वतः पाणी वापरलं नव्हतं, रोलरही नाही, तो थर दाबायचं काम गाड्यांवर सोडून देई. ज्याने आयुष्यभर पाण्याला शत्रू मानलं त्याच्या नावाला नंतरच्या लोकांनी पाणीच जोडून दिलं! त्या दिवाळीला पहिल्यांदा एसटी गावात आली आणि आत्या थेट मारुतीच्या पारापाशी उतरली.

आता वरच्या काळ्या थराबद्दल. लोखंडी धावांची चाकं दगड चुरडत, तो चुरा फटींत बसे, आणि खडीचा रस्ता टिके. मोटारी आल्या आणि रबरी चाकं वेगाने जाताना हा चुरा उडवू लागली. रस्ता उसवायला लागला आणि लोक धुळीने हैराण झाले. १९०१ साली इंग्लंडमध्ये हूली नावाच्या अधिकाऱ्याला एका कारखान्याजवळ रस्त्याचा एक गुळगुळीत तुकडा दिसला. डांबराचं पिंप सांडलं होतं आणि कोणीतरी वर भट्टीची मळी टाकून ते झाकलं होतं. त्याने पुढच्या वर्षी पेटंट घेतलं, तेच टारमॅक. तेव्हाचं डांबर दगडी कोळशातून निघायचं. आपण कपाटात ठेवतो त्या डांबराच्या गोळ्यांचं मूळ तेच. आता रस्त्यावर येतं ते तेलशुद्धीकरणातलं बिट्युमेन, मराठीत मात्र दोन्ही डांबरच. हा खर्च मोटारवाल्यांनीच उचलावा असं आपल्याकडे मुकुंदराव जयकरांच्या समितीने १९२८ साली सुचवलं, आणि पुढच्या वर्षी पेट्रोलवरच्या जादा करातून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात अभ्यास केलेल्या किती जणांना हे माहीत असेल!

डांबर म्हणजे त्याच छपराला मारलेला वरचा लेप. छप्पर गळत असेल तर लेप किती दिवस टिकणार? ओल्या किंवा धुळकट खडीला डांबर चिकटत नाही. ती कोरडी करून दीडशे अंशांच्या आसपास तापवावी लागते. गटार तुंबलं की पाणी फटींतून आत जातं, दगडावरून डांबर सोडवतं, आणि वरून ट्रक गेला की खड्डा. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचं नाव अजून घेतलं जातं ते याचसाठी. १९७० च्या दशकात मुंबईच्या एका कंपनीने तो दहा वर्षांची हमी देऊन बांधला आणि हमी संपल्यावरही तो कितीतरी वर्षं टिकून राहिला. लोक त्यात काही गुपित शोधतात. मला वाटतं, गुपित बिपित काही नसावं. माप पाळलं असणार आणि पाणी काढून दिलं असणार. मॅकॅडमने दोनशे वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं आणि आमच्या मुकादमालाही ते ठाऊक होतं.

परवा आत्याचा फोन आला होता. रस्ता झाला, म्हणाली. गुळगुळीत झालाय. फलकावर ठेकेदाराचं नाव आहे, दोषदायित्व कालावधी आहे, आणि कामाच्या नावात तो ‘एम’ही आहे. मी विचारलं, कडेला गटार काढलंय का?

“न्हाई,” ती म्हणाली. “पन ती उकरलेली खडी टाकून न्हाई दिली बरं का. बाजूपट्टीला वापरली. मी उभी ऱ्हाऊन बघितलं.”